व्हीएमला खरं ग्राफिक्स कार्ड द्यायचंय? आधी ग्रुप बघा

केव्हीएममधे (लिनक्सवर व्हीएम, म्हणजे आभासी कॉम्प्युटर, चालवायची सोय) विंडोज टाकलं की चालतं मस्त, पण गेम लावला की रडतं, कारण त्याला मिळालेलं ग्राफिक्स कार्ड नकली असतं. खरं कार्डच देऊन टाकायची सोय लिनक्समधे २०१२ पासून आहे, व्हीएफआयओ म्हणतात तिला. कार्डं दोन हवीत, प्रोसेसरमधलं इनबिल्ट धरून. एकावरही जमतं पण मग होस्टची, म्हणजे मूळ लिनक्सची, स्क्रीनच जाते, पहिल्याच वेळी त्या भानगडीत पडू नका.

बायोसमधे इंटेल असेल तर व्हीटी-डी चालू करा (व्हीटी-एक्स वेगळं बरं का), एएमडी असेल तर आयओएमएमयू. दोन्ही एकच गोष्ट, कुठलं डिव्हाइस कुठल्या मेमरीला हात लावेल ते आवरणारं हार्डवेअर. इंटेलवाल्यांनी ग्रबमधे (लिनक्सचा बूटलोडर) कर्नलच्या लाइनीत आयओएमएमयू ऑनचा पॅरामीटरही टाका.

रीबूट करून आता आयओएमएमयू ग्रुप, म्हणजे एकमेकांपासून वेगळी न करता येणारी डिव्हाइसं, बघा, कारण खरा निकाल इथेच लागतो आणि नेमकं हेच न बघता लोक पुढे पळतात. एका ग्रुपमधलं एक डिव्हाइस व्हीएमला, दुसरं होस्टला, असं चालत नाही, कारण ती मधल्यामधे एकमेकांच्या मेमरीत हात घालू शकतात. कार्ड आणि त्याचाच एचडीएमआय ऑडिओ एवढंच असेल तर उत्तम, दोन्ही देऊन टाका. पण साटा कंट्रोलर किंवा लॅन पण त्यातच घुसलं असेल तर कार्डाचा स्लॉट बदलून बघा. ग्रुप जबरदस्तीने फोडणारा कर्नलचा एसीएस ओव्हरराइड पॅच सगळीकडे सुचवतात, पण त्याने ग्रुप नुसते कागदावर वेगळे होतात, खरं आयसोलेशन मिळतच नाही, म्हणून मी तरी तो लावणार नाही.

पुढचं सोपंय. एलएसपीसीआय या कमांडमधून कार्ड आणि ऑडिओ, दोन्हीचे आयडी घ्या, मॉडप्रोबच्या (ड्रायव्हर लोड करणारं टूल) कॉन्फिगमधे व्हीएफआयओ-पीसीआय या ड्रायव्हरला द्या, इनिट्रॅमएफएस (बूट होताना आधी लोड होणारी फाइल) परत बनवा आणि रीबूट. दोन्ही कार्डं एकाच मॉडेलची असतील तर आयडी पण सेमच, मग होस्टचं कार्डही पकडलं जाईल, तिथे पीसीआय ॲड्रेसवरून बांधावं लागतं.

व्हर्ट-मॅनेजरमधे (व्हीएम बनवायचं ग्राफिकल टूल) व्हीएम बनवताना चिपसेट क्यू३५ आणि फर्मवेअर यूईएफआय निवडा, मग ॲड हार्डवेअरमधून पीसीआय होस्ट डिव्हाइस म्हणून दोन्ही जोडा. विंडोजमधे एनव्हिडिया कार्डावर येणाऱ्या कोड ४३ या एररवर ड्रायव्हरपासून केव्हीएम लपवायचे जुने उपाय सापडतील, पण जीफोर्सच्या ४६५ पासूनच्या ड्रायव्हरला सहसा त्याची गरज पडत नाही. आणि हो, व्हीएमला १६ जीबी रॅम दिली तर सुरू होतानाच सगळी १६ अडकते, होस्टला किती उरते ते आधी बघा.

नुसता यूएसबी डोंगल किंवा प्रिंटर द्यायचा असेल तर यातलं काहीच करू नका, यूएसबी होस्ट डिव्हाइस निवडा, झालं.