शाळूला ओल पुरत नसेल तर आधी ट्रॅक्टरची चाकं बघा

सोयाबीन निघालं की आपल्याकडं सगळ्यांची एकच घाई, परतीचा पाऊस नुकताच उघडलेला, रान अजून ओलं, तरी हार्वेस्टर घालायचा, मागोमाग रोटाव्हेटर आणि लगेच शाळू पेरून मोकळं व्हायचं. वरून रान मऊ दिसतं. पण त्याच्या खाली सहा-सात इंचावर जो थर दबून बसतो ना, तो कणीस भरायच्या वेळी दगा देतो, कारण रब्बीची ज्वारी पावसावर नाही तर खाली साठलेल्या ओलीवर येते, मुळ्या खोल गेल्या तरच ती ओल हाताला लागते.

म्हणून नांगराला पैसे घालायच्या आधी थर आहे का ते बघा. चांगला पाऊस होऊन दोन-तीन दिवस झाले की एक टोकदार लोखंडी सळई घ्या, आधी बांधाजवळ जिथं ट्रॅक्टर कधीच जात नाही तिथं हातानं दाबून घाला, मग वावराच्या मधी, मग ट्रॅक्टर वळतो त्या कडेला. वळणाच्या जागी वितभर जाऊन अडली आणि बांधाजवळ सरळ खाली गेली तर तिथं खड्डा घेऊन उभ्या पिकाची दोन-चार ताटं मुळासकट काढा. मुळ्या खाली जाता जाता एकदम आडव्या वळल्यात आणि मातीचे आडवे पापुद्रे सुटतायत, मग शंकाच नको.

आता वाफसा, म्हणजे माती औत घालण्याजोगी सुकणं. हे सगळ्यात महत्त्वाचं. काळी माती वरून सुकते आणि खाली ओलीच राहते, त्यामुळं वरची माती बघून ठरवू नका, औत जेवढं खोल चालणार तिथली मूठभर घ्या आन् तळहातावर वळा. काडीसारखी लांब वळली तर ट्रॅक्टर बाहेरच ठेवा, तुटून भुगा झाली तर खुशाल घाला. दोन दिवस थांबायला जीवावर येतं, पेरणीची वेळ निघून चालली असं वाटतं, तरी थांबाच.

चाकाच्या पहिल्याच फेरीत माती सगळ्यात जास्त दबते, म्हणून दरवेळी नव्या जागेवरून फिरवण्यापेक्षा चाकोरी ठरवून घ्या. भरलेली ट्रॉली वावरात आणूच नका, बांधालाच उभी करा.

थर सापडलाच तर एप्रिल-मेमध्ये, रान खोलवर कोरडं असताना सबसॉयलर, म्हणजे माती न उलटता खालचा थर फोडणारं औत, मारा, थराच्या दोन इंच खाली. ओल्यात मारला तर नुसती चीर पडते, थर फुटत नाही. आणि थर नसेल तर दरवर्षी खोल नांगरट कशाला? भारी काळी जमीन उन्हाळ्यात भेगा पडून बरीचशी आपोआप मोकळी होते, वखराच्या दोन पाळ्या पुरतात, डिझेल वाचतं. सबसॉयलर मारलेल्या रानात मात्र पहिल्या हंगामात जड गाडी अजिबात घालू नका, मोकळी झालेली माती आधीपेक्षा लवकर दबते.