लुकाश कोनेच्नीच्या निमित्ताने: बॉक्सरची कारकीर्द कशी वाचावी

व्यावसायिक बॉक्सरची कारकीर्द अभ्यासताना एकूण विजयांच्या आकड्यावर विसंबू नये. दुबळे प्रतिस्पर्धी निवडून तो सहज फुगवता येतो. आधी पराभव पाहावेत. चेक प्रजासत्ताकातील ब्रनोचा लुकाश कोनेच्नी २००८ मध्ये ड्रेस्डेनला सेर्ही झिंझिरुककडून, २०१२ मध्ये कीव्हला झौर्बेक बायसांगुरोवकडून आणि २०१४ मध्ये वॉशिंग्टनला पीटर क्विलिनकडून हरला. तिन्ही लढती जागतिक किताबासाठी होत्या, तिन्ही परक्या भूमीवर झाल्या आणि प्रत्येक वेळी बाराही फेऱ्या खेळून निकाल गुणांवर लागला, यावरून त्याचा चिवटपणा कोणत्याही आकड्यापेक्षा स्पष्ट कळतो.

मग वजनगट तपासावा. पहिल्या दोन लढतींची मर्यादा १५४ पौंड होती, क्विलिनविरुद्धची १६०. म्हणजे पस्तिशी गाठल्यावर तो वरच्या गटातील विजेत्याला भिडला.

किताबामागचे विशेषण मात्र बारकाईने वाचावे. २०१२ मध्येच ब्रनोत, घरच्या प्रेक्षकांसमोर, कोनेच्नीने डब्ल्यूबीओ (वर्ल्ड बॉक्सिंग ऑर्गनायझेशन) या जागतिक संघटनेचा किताब जिंकला खरा, पण तो हंगामी होता. मुख्य विजेता पदावर असतानाही असा किताब दिला जातो (संघटनांची ही सोय वादग्रस्तच म्हणायला हवी), आणि खरा निवाडा दोघांची गाठ पडल्यावरच होतो. कीव्हमध्ये बायसांगुरोवविरुद्ध नेमके तेच घडले.