कॅनडा मिल्कव्हेच उगवत नाही, उगवलं तर टिकत नाही? या चुका टाळा

कॅनडा मिल्कव्हेच (अ‍ॅस्ट्रॅगॅलस कॅनडेन्सिस) ही उत्तर अमेरिकेतल्या प्रेअरीत (गवताळ माळरानांत), नदीकाठी आणि विरळ झाडीच्या कडेला वाढणारी बहुवर्षायू शेंगवर्गीय वनस्पती. उंची साधारण 1 मीटर, ऐन उन्हाळ्यात फिकट पिवळसर फुलांचे तुरे. शिकागो किंवा टोरांटोकडे अंगण असेल तर जरूर लावावी. हिवाळा जेमतेम जाणवणाऱ्या मुंबईत हिचा नाद न केलेला बरा.

बहुतेकांचं घोडं बियाण्यापाशीच अडतं. बी बारीक, 1 ग्रॅममध्ये सुमारे 600, आणि कवच इतकं घट्ट की पाणी आत शिरत नाही. वसंतात पेरणार असाल तर बारीक पॉलिश पेपरच्या दोन तुकड्यांमध्ये बी हलक्या हाताने घासा. कवचाची चकाकी गेली की थांबा. आतला फिकट गर दिसू लागला म्हणजे जास्त झालं, असं बी कुजतं. मग रात्रभर पाण्यात ठेवा. सकाळी फुगलेलं बी बाजूला काढा आणि जे तसंच टणक राहिलंय ते पुन्हा घासा. फुगलेलं बी ओलसर वाळूत मिसळून पिशवीत घाला आणि किमान 10 दिवस फ्रिजमध्ये ठेवा, फ्रीझरमध्ये नव्हे. वाळू मुठीत दाबल्यावर पाणी गळायला नको. मधेच कोंब दिसले तर दिवस मोजत बसू नका, लगेच पेरा.

हिवाळ्याच्या तोंडावर थेट जमिनीत पेरत असाल तर मात्र बी घासू नका. घासलेलं बी लगेच पाणी पितं आणि गारठ्यात मरतं. न घासलेल्या बियांचं कवच गोठण्या-वितळण्याने आपोआप सैल होतं. पेरणीची खोली दोन्ही वेळी जेमतेम अर्धा सेंटिमीटर.

दुसरी मोठी गफलत रायझोबियमची, म्हणजे शेंगवर्गीय झाडांच्या मुळांवर गाठी करून त्यांना हवेतलं नत्र पुरवणाऱ्या जिवाणूंची. सोयाबीनसाठीच्या जिवाणूंचं पाकीट घरात पडलंय म्हणून तेच चोळलं, तर उपयोग होत नाही. अ‍ॅस्ट्रॅगॅलसला चालणारं जिवाणू संवर्धन मागून घ्या. ते जिवंत असतं, त्यामुळे थंड जागी ठेवा, मुदत बघा आणि पेरणीच्या दिवशीच लावा. पद्धत आपल्याकडच्या तुरी-हरभऱ्याचीच: थंड केलेल्या पातळ गुळाच्या पाण्याने बी जेमतेम ओलं करायचं, संवर्धन चोळायचं, सावलीत सुकवून पेरायचं. बुरशीनाशक लावलेल्या बियांवर हे जिवाणू तग धरत नाहीत.

रोपं पिवळी पडली की हात युरियाकडे जातो. तो आवरा. नत्र आयतं मिळालं की मुळांवर गाठी कमी धरतात, आणि वर लुसलुशीत खोड वाढून झाड लोळतं. दोन महिन्यांनी एखादं रोप उपटून गाठ कापून बघा. आतून गुलाबी-लालसर असेल तर काम चालू आहे. गाठीच नसतील तर संवर्धन पाण्यात कालवून मुळांशी ओता.

कुंडी खोल घ्या आणि पुनर्लागवड रोप लहान असतानाच करा. मोठं झाल्यावर मुळं हलवलेली याला सोसत नाहीत. दोन रोपांत 45 ते 60 सेंटिमीटर अंतर हवं. ऊन भरपूर, जमीन ओल धरणारी पण पाणी न साचणारी. पहिल्या वर्षी बहुधा नुसती पानंच येतात. फूल नाही म्हणून उपटून टाकू नका.

ससे आणि हरणं कोवळे शेंडे फस्त करतात, म्हणून पहिली दोन वर्षं तारेची जाळी लागतेच. पुढे जमिनीखालच्या खोडांनी झाड पसरतं, तेव्हा नाजूक फुलझाडांना खेटून लावू नका.

आणखी एक घोळ नावाचा. चिनी औषधात वापरतात ते अ‍ॅस्ट्रॅगॅलस वेगळ्या जातीचं आहे. या झाडात विषारी नायट्रो संयुगं असतात. काढा करू नये, गुराढोरांना घालू नये.

शेंगा तपकिरी-काळ्या होऊन वाळल्या की बी काढा. भोकं पडलेल्या शेंगांत सोंड्याच्या अळ्या असतात. निवडून, नीट वाळवून बी काही दिवस फ्रीझरमध्ये ठेवलं की उरलेल्या अळ्या मरतात, वाळलेल्या बियांना काही होत नाही.