रेडीमेड एफपीजीए बोर्ड घ्यायचा का स्वतःचा पीसीबी काढायचा?

हा प्रश्न मला वरचेवर कोणीतरी विचारतं, आणि गंमत म्हणजे विचारणाऱ्याचं मनात आधीच ठरलेलं असतं, स्वतःचा पीसीबी, म्हणजे छापील सर्किट बोर्ड काढायचाय, त्याच्यावर स्वतःचं नाव छापायचंय. त्यात वाईट काही नाही, मी पण तेच केलं होतं आणि पहिला बोर्ड अजून ड्रॉवरमध्ये पडलाय, त्याचं काय झालं ते पुढे सांगतो.

पण त्याआधी एक. एफपीजीए, म्हणजे आतलं लॉजिक आपल्याला हवं तसं जोडून घेता येणारी चिप, खरंच लागतो का ते बघा. भोसरीतल्या एका वर्कशॉपसाठी मला लेथचे तीन एन्कोडर (किती फिरलं ते पल्समध्ये सांगणारे सेन्सर) मोजायचे होते आणि मी उत्साहाने थेट एफपीजीएवर उडी मारली. तीन एन्कोडर साधा एसटीएम३२ मायक्रोकंट्रोलर सुद्धा मोजतो, त्याच्या टायमरमध्ये एन्कोडर मोड असतोच. एफपीजीए लागतो तो जेव्हा बारा-पंधरा चॅनेल एकाच क्षणी लॅच करायचेत (पकडून ठेवायचेत), किंवा सिग्नलचे आकडे करणाऱ्या एडीसीमधून सेकंदाला कोट्यवधी सॅम्पल येतायत, किंवा टायमिंग नॅनोसेकंदात पक्कं हवंय. नंतर त्याच गिऱ्हाइकाने मशीन वाढवली आणि चॅनेल सोळा झाले म्हणून माझी लाज राहिली.

लागतोच आहे असं ठरलं की पहिलं काम म्हणजे रेडीमेड बोर्ड आणा. कुठला ते फार डोकं खाऊ नका. शिकायला आणि छोट्या लॉजिकला टँग नॅनो ९के पुरतो, त्यात ८६४० लट (एलयूटी, म्हणजे लॉजिकचे छोटे ठोकळे) आहेत आणि खिशाला परवडतो. थोडं मोठं काम असेल तर आर्टी ए७ चा ३५टी, त्यावर आर्टिक्स-७ ची साधारण ३३ हजार लॉजिक सेलवाली चिप, २५६ एमबी डीडीआर३ आणि चार पीमॉड कनेक्टर (बाहेरच्या गोष्टी जोडायला) मिळतात, आणि व्हिवाडो या डिझाइन सॉफ्टवेअरच्या फुकट व्हर्जनमध्ये ही चिप चालते. भारतात बनलेलं हवं असेल तर बंगळुरूच्या नुमॅटो लॅबचे बोर्ड आहेत. सुटे कनेक्टर, वायरी, एन्कोडरचा सिग्नल घेणाऱ्या आरएस-४२२ च्या रिसीव्हर आयसी वगैरे पुण्यात तापकीर गल्लीत नाहीतर मुंबईत लॅमिंग्टन रोडला बघा, चिप मात्र मोठ्या डिस्ट्रिब्यूटरकडूनच घ्या.

या बोर्डावर तुमचं लॉजिक पूर्ण चालवा. पूर्ण म्हणजे पूर्ण, एलईडी ब्लिंक करून नाही. कारण हे झाल्याशिवाय तुम्हाला चिप किती मोठी लागते हेच माहीत नसतं. टूलचा युटिलायझेशन रिपोर्ट (चिप किती वापरली त्याचा) उघडा, लट किती गेले, ब्लॉक रॅम (आतली मेमरी) किती गेली, डीएसपी (गुणाकाराचे ब्लॉक) किती, टायमिंग बसतंय का, आणि ७०-७५ टक्क्यांच्या वर गेलं असेल तर वरची चिप धरा, कारण गिऱ्हाईक शेवटच्या आठवड्यात "फक्त एक छोटंसं फीचर" मागतंच.

आता कागद घ्या आणि लिहा की या बोर्डाने माझं नेमकं कुठे अडलं. "अडलं" हा शब्द महत्त्वाचा, "आवडलं नाही" वेगळं. माझ्या अनुभवात खरी अडचण या चार-पाच जागीच येते.

सगळ्यात मोठी आणि नवीन माणसाला हमखास न दिसणारी म्हणजे बँकेचं व्होल्टेज. एफपीजीएच्या पिना गटागटाने असतात, त्याला बँक म्हणतात, आणि एका बँकेच्या सगळ्या पिनांना एकच आयओ व्होल्टेज मिळतं. आर्टीवर पीमॉडवाल्या बँका ३.३ व्होल्टला कायमच्या जोडलेल्या आहेत. आर्टिक्सला एलव्हीडीएस (वायरींच्या जोडीवरून जाणारा फास्ट सिग्नल) आउटपुट काढायचं तर बँकेला २.५ व्होल्ट लागतात, म्हणजे त्या बोर्डावर ते होणारच नाही, कोड कितीही हुशारीने लिहा. तसंच पीमॉडचं, आर्टीवर चारपैकी दोन पीमॉडच्या लाइनीत २०० ओहमचे रेझिस्टर टाकलेत, चुकून शॉर्ट झालं तर चिप वाचावी म्हणून, त्यामुळे फास्ट सिग्नल तिथून नीट जात नाही, बाकीचे दोन फास्ट आहेत ते वापरा. बोर्ड विकत घेण्याआधी त्याची स्कीमॅटिक (सर्किटचा नकाशा) डाउनलोड करून या दोन गोष्टी बघितल्या तर निम्मा मनस्ताप वाचतो.

दुसरी अडचण जागेची आणि मशीनच्या वातावरणाची. पॅनलमध्ये २४ व्होल्ट असतात, बोर्डाला ५ हवेत, मायक्रो यूएसबी कनेक्टर कंपनाने ढिला होतो, पीमॉडमध्ये खोचलेल्या जंपर वायरी तर पहिल्याच दिवशी निघतात. तापमान पण बघा, आर्टिक्सची साधी कमर्शियल ग्रेडची चिप ० ते ८५ डिग्रीची आणि इंडस्ट्रियल ग्रेडची उणे ४० ते १०० ची, आणि हे आकडे चिपच्या आतल्या तापमानाचे आहेत, खोलीच्या नाही, मे महिन्यात बंद पॅनलमध्ये काय होतं ते शॉपफ्लोअरवर काम केलेल्याला सांगायला नको.

राहिला नगांचा हिशोब. समजा रेडीमेड बोर्ड १५,००० ला पडतोय, स्वतःचा बनवला तर सामान आणि असेंब्ली धरून ४,००० ला. फरक ११,०००. पण डिझाइनचा वेळ, स्टेन्सिल, आणि एकदा चुकून परत काढावा लागणारा बोर्ड, हे सगळं मिळून समजा अडीच लाख. २,५०,००० भागिले ११,००० म्हणजे साधारण २३. तेवीस नगांच्या खाली तुम्ही हौस करताय, धंदा नाही. हे आकडे उदाहरणाचे आहेत, तुमचे टाका, पण "एकदा चुकून परत" हा खर्च वगळू नका, बरेच जण नेमका तोच वगळतात आणि वर स्वतःचा वेळ फुकट धरतात.

आता ज्याच्याबद्दल लोक विचारत नाहीत पण दहातल्या सात जणांना मी जे सांगतो ते: मधला रस्ता. चिपचा अवघड भाग रेडीमेड घ्या आणि बाकीचा पीसीबी स्वतः काढा. सीमॉड ए७ नावाचा बोर्ड आहे, ४८ पिनांच्या डिप आयसीसारखा, त्यावर तीच आर्टिक्स, फ्लॅश, यूएसबी प्रोग्रामर सगळं आहे आणि ४४ डिजिटल पिना खाली येतात. तुमच्या पीसीबीवर फक्त सॉकेट, २४ चे ५ करणारा रेग्युलेटर, रिसीव्हर आयसी, प्रोटेक्शन डायोड आणि स्क्रू टर्मिनल. दोन लेयरमध्ये होतं, घरी सोल्डर होतं, मॉड्यूल जळालं तर उपटून दुसरं लावायचं. मोठं काम असेल तर ट्रेंझ, एनक्लुस्ट्रा यांचे मॉड्यूल किंवा एएमडीचं क्रिया के२६ असतं. माझं सोळा चॅनेलवालं मशीन सीमॉडवरच चालू आहे आणि मला ते बदलायची अजिबात घाई नाही.

आणि यात कमीपणा काही नाही बरं का. खोडदच्या जीएमआरटीचंच बघा, नारायणगावजवळची ती ४५ मीटर व्यासाच्या ३० डिशवाली दुर्बीण. ती अपग्रेड करताना सिग्नल डिजिटाइज करून पॅकेटात पाठवायला त्यांनी रोच बोर्ड वापरले, व्हर्टेक्स-५ वाले, जे कॅस्पर नावाच्या रेडिओ खगोलवाल्यांच्या सामायिक प्रकल्पातून आलेत, आणि पुढचं गणित जीपीयूवर टाकलं. एवढे इंजिनीयर हाताशी असून त्यांनी आपलं डोकं जिथे लावायचं तिथे लावलं.

तरी कागदावरचा हिशोब पूर्ण स्वतःच्या बोर्डाकडेच बोट दाखवत असेल तर काढा, फक्त पहिल्याला बीजीए (सगळे जोड पोटाखाली गोळ्यांसारखे असलेली चिप) घेऊ नका. लॅटिसची आइस४० यूपी५के घ्या, ४८ पिनांचं क्यूएफएन पॅकेज, ५२८० लट, ३९ आयओ, आत ४८ मेगाहर्ट्झचा ऑसिलेटर, हॉट एअरने घरी बसते, आणि योसिस-नेक्स्टपीएनआर हे ओपन सोर्स टूल चालतात. बीजीएत सोल्डर नीट बसलंय का ते डोळ्यांनी दिसत नाही, एक्स-रे लागतो, आणि डीडीआर३ आली की ट्रेसच्या लांब्या जुळवण्यात पंधरवडा जातो.

आर्टिक्सच हवी असेल तर कोरला १.०, ऑक्सला (आतल्या सहाय्यक सर्किटला) १.८, आयओला ३.३ व्होल्ट असे किमान तीन सप्लाय लागतात, त्याच क्रमाने चालू व्हावेत अशी शिफारस आहे, डीडीआर३ असेल तर चौथा. प्रत्येक पॉवर पिनजवळ डिकपलिंग कॅपॅसिटर (सप्लाय स्थिर ठेवणारा), आणि जवळ म्हणजे खरंच जवळ, अर्ध्या बोर्डापलीकडे नाही. चिप लोड होण्याशी संबंधित प्रोग्रॅम आणि इनिट पिनांना ४.७ के ओहमचा पुल-अप रेझिस्टर, डनला ३३० ओहम, मोड पिना फ्लॅशवरून बूट होण्यासाठी नीट बांधलेल्या, आणि बाहेरून येणारा क्लॉक त्यासाठीच्या खास (क्लॉक-केपेबल) पिनवरच, नाहीतर टूल शेवटी एरर मारतं तेव्हा पीसीबी छापून आलेला असतो. म्हणून जर्बर (पीसीबी छापायच्या फाइली) पाठवण्याआधी खऱ्या पिन नंबरांनी एकदा पूर्ण बिटस्ट्रीम (चिपमध्ये भरायची फाइल) बनवून बघा. याला पैसे लागत नाहीत. रेडीमेड बोर्डाची स्कीमॅटिक समोर ठेवून त्याचा पॉवरचा भाग सरळ उचला, तिथे कलाकारी नको. जेटॅगचा, म्हणजे चिप प्रोग्राम करायचा आणि तपासायचा हेडर ठेवा, जागा नाही म्हणून काढू नका.

आता तो ड्रॉवरमधला बोर्ड. सायक्लोन-४ ची १४४ पिनवाली चिप, पाय बाहेर आलेले, सोपी वाटली म्हणून घेतली. त्या पॅकेजच्या पोटाखाली एक धातूचा पॅड असतो आणि तो ग्राउंडला जोडावाच लागतो, मला वाटलं उष्णतेसाठी असेल, आपली चिप कुठे तापतेय, म्हणून फुटप्रिंटमध्ये (बोर्डावरच्या चिपच्या आराखड्यात) ठेवलाच नाही. चिप जेटॅगला कधी दिसायची कधी गायब. तीन आठवडे मी केबल बदलतोय, ड्रायव्हर बदलतोय, सप्लायला शिव्या देतोय, आणि डेटाशीटमध्ये ती ओळ सरळ लिहिलेली होती.

बोर्ड आला की सगळे एकदम भरून घेऊ नका, पाच छापा, दोन भरा. पहिल्यांदा चालू करताना करंट लिमिट लावलेल्या सप्लायवर, सुरुवातीला फक्त रेग्युलेटर भरून व्होल्टेज मोजा, मग चिप, मग जेटॅगला आयडी येतो का, मग फ्लॅश. आणि रेडीमेड बोर्ड तेव्हा विकून टाकू नका, मी टाकला होता. तुमचा बोर्ड विचित्र वागायला लागला की तेच डिझाइन रेडीमेडवर चालवून बघायचं, तिथे चाललं तर दोष तांब्यात, म्हणजे तुमच्या बोर्डात आहे, तिथेही नाही चाललं तर कोड उघडा.