मुंबई ते लंडन: विमानाचं अंतर आणि वेळ घरबसल्या कशी काढाल

आधी अंतर. भिंतीवरच्या सपाट नकाशावर पट्टी ठेवून ते कधीच मोजू नका, पृथ्वीगोल घ्या. विषुववृत्तावरून दोरा फिरवून गोलाचा घेर मोजा. ३० सेंटिमीटर व्यासाच्या गोलाचा घेर साधारण ९४ सेंटिमीटर भरतो. पृथ्वीचा घेर ४०,००० किलोमीटर, म्हणजे दोऱ्याचा १ सेंटिमीटर म्हणजे सुमारे ४२५ किलोमीटर. आता दोरा मुंबईवर चिमटीत धरून लंडनपर्यंत ताणा. ढिला सोडलात तर दोन-तीनशे किलोमीटरची चूक सहज होते. १७ सेंटिमीटर भरेल: सुमारे ७,२०० किलोमीटर.

न्यूयॉर्कपर्यंत ताणलात तर सपाट नकाशा किती फसवतो ते लगेच दिसतं. दोरा अटलांटिककडे सरळ न जाता उत्तरेला चढतो आणि त्याचा मध्य स्वीडन-फिनलंडमधल्या बोथनियाच्या आखातापाशी येतो. हे अंतर सुमारे १२,५०० किलोमीटर.

आता वेळ. मोठी जेट विमानं उंचीवर ताशी ९०० किलोमीटरच्या आसपास उडतात, म्हणून लंडनचे ८ तास होतात. पण एवढ्यावर थांबू नका. धावपट्टीपर्यंत जाणं, चढणं, उतरणं यांचा अर्धा-पाऊण तास धरा. मार्ग दोऱ्यासारखा सरळ नसतो, त्याचेही काही टक्के वाढवा. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने आपली हवाई हद्द भारतीय विमानांना बंद केली, तेव्हा उत्तरेकडच्या उड्डाणांना लांबचा वळसा पडला. मुंबईहून निदान अरबी समुद्रावरून जाता येतं.

शिवाय वारा. उंचावरचे जोरदार वारे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात. त्यामुळे जाताना साडेनऊ-दहा तास लागतात, येताना बहुधा तासभर कमी. हिवाळ्यात हा फरक जास्त जाणवतो.

सगळ्यात जास्त घोटाळा घड्याळाचा होतो. तिकिटावरच्या दोन्ही वेळा त्या-त्या गावच्या असतात. मार्चच्या शेवटच्या रविवारपासून ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत लंडन आपल्या साडेचार तास मागे, एरवी साडेपाच. समजा, जुलैत दुपारी १ ला निघून संध्याकाळी साडेसहाला पोचायचं आहे. वजाबाकी साडेपाच तास, त्यात साडेचार मिळवा: प्रवास १० तासांचा. परतीला उलट, फरक वजा करायचा. रात्री ९ ला निघून दुसऱ्या दिवशी सकाळी साडेदहाला मुंबई, म्हणजे साडेतेरातून साडेचार गेले, ९ तास.

दुबईमार्गे अंतर फक्त दोनेकशे किलोमीटरनी वाढतं. वेळ खातो तो मधला मुक्काम. दोन तासांपेक्षा कमी असेल आणि दोन्ही टप्पे एकाच तिकिटावर नसतील, तर ते बुकिंग करूच नका.

मुंबईच्या सहार विमानतळावर कुणाला घ्यायला जाणार असाल, तर विमान उतरण्याच्या वेळेत पासपोर्ट तपासणी आणि सामानाचा आणखी तासभर धरूनच घरातून निघा.