सामायिक अ‍ॅक्सेस डेटाबेस: आधी फोल्डर सुरक्षित करा

अनेकजण वापरत असलेली, मायक्रोसॉफ्टच्या डेटाबेस प्रोग्रामची म्हणजे अ‍ॅक्सेसची फाइल केवळ पासवर्डच्या भरवशावर सोडू नये, कारण 2007 पासूनच्या एसीसीडीबी या फाइल-स्वरूपात प्रत्येक वापरकर्त्याला वेगळे अधिकार देण्याची जुनी सोय नाही आणि सर्वांचा मिळून एकच पासवर्ड फार काळ गुप्त राहत नाही. डेटाबेसचे दोन भाग (एकात तक्ते, दुसऱ्यात फॉर्म व अहवाल) करून तक्त्यांची फाइल सर्व्हरवर ठेवावी आणि त्या फोल्डरची परवानगी विंडोजमधून फक्त संबंधित कर्मचाऱ्यांच्या गटाला द्यावी. नोंदी बदलणाऱ्यांना मात्र तिथे फाइल तयार करण्याचा व पुसण्याचाही अधिकार लागतो, कारण अ‍ॅक्सेस आपली लॉक-फाइल (फाइल कोण वापरत आहे याची नोंद ठेवणारी तात्पुरती फाइल) तिथेच बनवते. तरीही ज्याला फाइल वाचता येते, त्याला तिची संपूर्ण प्रतही नेता येते; म्हणून पगार किंवा आधार क्रमांकासारखी माहिती एसक्यूएल सर्व्हरवरच (वापरकर्त्याच्या हाती फाइल न देणाऱ्या मायक्रोसॉफ्टच्या डेटाबेस सर्व्हरवर) ठेवावी, असे माझे स्पष्ट मत आहे.