थीममध्ये कोड चिकटवू नका, छोटं प्लगिन करा

वर्डप्रेसच्या साइटवर स्वतःचा चार ओळींचा कोड टाकायचा झाला की बहुतेक जण तो थेट थीमच्या फंक्शन्स डॉट पीएचपी फाइलमध्ये चिकटवतात. थीम अपडेट झाली की ती फाइल बदलली जाते आणि तुमचा कोड जातो. चाइल्ड थीममध्ये (मूळ थीमवर आधारलेल्या आपल्या वेगळ्या थीममध्ये) तो अपडेटपुरता वाचतो, पण थीमच बदलली तर तिथलाही बंद. त्या कोडने ‘पुस्तके’ अशी वेगळी पोस्ट टाइप (मजकुराचा स्वतंत्र प्रकार) नोंदवली असेल, तर डॅशबोर्डवरून सगळी पुस्तकं दिसेनाशी होतात. डेटाबेसमध्ये ती असतात, पण पाहणारा घाबरतोच.

त्यापेक्षा तो कोड प्लगिन म्हणून, म्हणजे थीमपासून वेगळा जोडून ठेवा: डब्ल्यूपी-कंटेंटमधल्या प्लगिन्स फोल्डरात आपला एक फोल्डर करा, त्यात एक पीएचपी फाइल. तिच्या वरच्या कॉमेंटमध्ये ‘प्लगिन नेम’ची ओळ इंग्रजीत लिहिली की प्लगिन यादीत येतं. प्रत्येक फंक्शनच्या नावाला आपला उपसर्ग लावाच. तेच नाव दुसऱ्या प्लगिनमध्ये निघालं तर साइट फेटल एररने बंद पडू शकते. ५.२ आवृत्तीपासून (२०१९) अशा वेळी अ‍ॅडमिनच्या ईमेलवर रिकव्हरी मोडची (बिघाड असतानाही डॅशबोर्डात शिरायच्या सोयीची) लिंक येते, म्हणून तो पत्ता चालू ठेवा.

क्लायंटने चुकूनही बंद करू नये असा कोड डब्ल्यूपी-कंटेंटमधल्याच एमयू-प्लगिन्स (मस्ट-यूज, म्हणजे डॅशबोर्डवरून बंद न करता येणारी प्लगिन्स) फोल्डरात ठेवा, पण थेट; तिथल्या उपफोल्डरातल्या फाइल वर्डप्रेस आपोआप उचलत नाही.